नानांची शिट्टी

जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे, आणि नानांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आकाशवाणी सोलापूर दिवसभर चालू असायचं. १६०२ किलोहर्ट्झ, मीडियम वेव्हच्या पार टोकाला. गिऱ्हाईक नसलं की नाना ॲल्युमिनियमची एक ताटली काढायचे आणि एका ट्रान्झिस्टरच्या ऑसिलेटरला जोडायचे. ऑसिलेटर ८०१ वर. त्याची दुप्पट नेमकी सोलापूरवर. बातम्यांच्या मागे शिट्टी उठायची. प्लॅस्टिकच्या पेचकसाने ट्रिमर फिरवत नाना ती विझवायचे आणि म्हणायचे, "आता आण हात."

ताटलीजवळ हात गेला की शिट्टी परत यायची आणि हात जवळ येईल तशी चढायची. आम्हा पोरांना ती करणीच वाटे. हिशेब साधा होता. सर्किटात दोनशे पिकोफॅरड असले आणि हाताने एकाची भर घातली, तरी सोलापूरच्या जागी चार किलोहर्ट्झचा फरक पडतो. रशियात लेव थेरेमिननी १९२० च्या सुमारास याच युक्तीवर हात न लावता वाजणारं वाद्य केलं होतं.

खरी करामत मात्र शिट्टी गप्प ठेवण्यात होती. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली ती आपली आपणच सुरू व्हायची. "तंबोराच उतरायला लागला तर गाणाऱ्याची चूक कशी कळावी?" म्हणत नाना कामाला लागायचे. कॉइल मेणात बुडवून घट्ट केलेली, व्होल्टेज झेनरने बांधलेलं. ट्रान्झिस्टरच्या पायांवर मुद्दाम मोठे कंडेन्सर, म्हणजे तापल्यावर त्याच्या पोटातली धारकता हलली तरी त्यांच्यापुढे ती किरकोळ. कॉइल तापली की वारंवारता उतरते, पॉलिस्टायरीनचा कंडेन्सर तापला की चढते. दोन खोड्या एकमेकींवर सोडून द्यायच्या. हे नाना कुठे शिकले होते, देव जाणे. मला आजही ती युक्ती झेनरपेक्षा देखणी वाटते.

पुढे मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटच्या कामाला लागलो. तिथे उसाच्या वाहकाजवळ, रसाच्या चिकट्यात आणि बगॅसच्या भुश्शात, पितळी नळीतले प्रॉक्सिमिटी स्विच बसवलेले. आत तोच ऑसिलेटर. समोर लोखंड आलं की त्यात भोवरी प्रवाह फिरतात, ऑसिलेटरची शक्ती खातात, त्याचा जीव जातो आणि स्विच पडतो. कशाला टेकायचं नाही, त्यामुळे काही झिजायचंही नाही. जर्मनीत वॉल्टर पेपर्ल आणि विल्फ्रीड गेल यांनी हे १९५८ साली काढलं.

त्यातला एक निकामी स्विच दिवाळीच्या सुट्टीत नानांना नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, कानाशी धरला.

"ह्याला सूर नाही रे लेका. नुसतं हाय आणि नाय."

मग आत कोणती कॉइल आहे ते बघायला त्यांनी करवतीचं पातं मागितलं.