भुंग्याचे सोंग

मृग बहराचे दिवस होते. सौंसरजवळच्या आमच्या संत्राबागेत आम्ही दुपारी पडवीत विसावलो होतो. समोरच्या वाळक्या खुंटावर एक काळाभोर, केसाळ भुंगा येऊन बसला. या भुंग्यांनी पडवीचे वासे पोखरून ठेवलेले. आम्ही वर्तमानपत्राची सुरळी केली आणि नेम साधला. पराक्रम पाहावयास वाकलो, तो त्याच्या पायांत एक मधमाशी घट्ट धरलेली दिसली. भुंगा फुलांवर जगणारा. तो मधमाशी कशाला धरील? चष्मा लावून पंख मोजले. भुंग्याला चार असतात, याला दोनच. टपोऱ्या डोळ्यांमध्ये खोलगट भाग, तोंडावर राठ केसांची दाढी. आम्ही मारली ती लुटारू माशी होती.

इंग्रजीत हिला 'रॉबर फ्लाय' म्हणतात. जगात हिच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत. दबा धरून बसावे, उडते भक्ष्य झेलावे, सोंड खुपसून लाळेने ते निश्चेष्ट करावे आणि विरघळलेले शोषून घ्यावे, हा हिचा क्रम. काही जाती मधमाशीचे वा भुंग्याचे रूप घेतात. नांगी नसताना नांगीचा दरारा मिळवण्याच्या या युक्तीचा उलगडा हेन्री बेट्स यांनी 1862 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून केला. भारतात व आफ्रिकेत आढळणाऱ्या हायपरेकिया प्रजातीच्या अळ्या तर भुंग्यांनी पोखरलेल्या लाकडातच वाढतात आणि त्यांच्या अळ्या खातात. आमची माशी त्यांतली असेल, तर वासे पोखरणाऱ्याचा वैरीच आम्ही मारला. जे सोंग पक्ष्यांपासून वाचवते, तेच आमच्यापुढे तिच्या जिवावर बेतले.

ही गोष्ट मनाला लागली, कारण रूपावरून होणारी पारख आपल्या घराण्यांना नवी नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. 2023 मध्ये या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कचेरीत हिंदी आणि ओट्यावर मराठी हा शिरस्ता कायम आहे. भोपाळला आम्ही 'मराठी' ठरतो, नागपूरच्या लग्नघरी 'हिंदीवाले'. पंख मोजावयास कोणी वाकत नाही. आम्ही तरी त्या माशीसाठी कुठे आधी वाकलो होतो?

तेव्हापासून वाशांभोवती घोंघावणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी नीट न्याहाळतो. बहुधा तेवढ्यात तो उडून जातो. वासे अद्याप पडलेले नाहीत.