एकदांच फुलणारें झुडूप

शेवंतीचें फूल हातीं घेतलें म्हणजे तें एकच फूल आहे, अशी आपली सर्वांची समजूत असते. वनस्पतिशास्त्र मात्र निराळें सांगतें. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळांत ज्यास आपण फूल म्हणतों, तो वस्तुतः पुष्कळ चिमुकल्या फुलांचा मेळा असतो. सूर्यफुलांत तर कडेच्यांनीं पाकळी पसरून मधमाश्यांस आमंत्रण द्यावें आणि मधल्यांनीं बीं धरावें, अशी कामाची वांटणीच ठरलेली आहे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस या व्यवस्थेचें कौतुक वाटावें यांत नवल नाहीं. परंतु याच कुळांतील एका पर्वतवासी झुडुपाची हकीकत वाचनांत आल्यापासून त्या कौतुकांत थोडी काळजीही मिसळली आहे. ती वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु.

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांपैकीं मावी बेटावर हालेआकाला नांवाचा १०,०२३ फूट उंचीचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्या नांवाचा अर्थ 'सूर्याचें घर'. आईनें वाळत घातलेलीं वल्कलें दिवस लहान असल्यामुळें वाळत नाहींत, हें पाहून माउई नांवाच्या वीरानें याच शिखरावर सूर्यास फांसांत धरिलें आणि सावकाश चालण्याचें वचन घेऊनच सोडिलें, अशी तेथील पुराणकथा आहे. आईच्या वाळवणासाठीं सूर्याशीं झुंजणारा हा मुलगा आमच्या घरांतील बायकामंडळींस फार आवडला! हा पर्वत आम्ही डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. ग्रंथ व छायाचित्रें यांवरूनच त्याची ओळख. शिखराच्या बाजूस माती म्हणावी अशी नाहींच. जिकडे तिकडे काळे-तांबडे खडे व राख. पाऊस पडला तरी पाणी तेव्हांच खालीं झिरपून जातें. ढग बहुधा खालींच अडून राहतात. त्यामुळें वर दिवसां ऊन प्रखर, आणि रात्रीं पाणी गोठावें इतकी थंडी. अशा जागीं, सुमारें ७,००० ते १०,००० फुटांच्या पट्ट्यांत, हें झुडूप राहतें. पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेंही तें आपण होऊन उगवत नाहीं.

इंग्रजांनीं यास 'रुपेरी तलवार' अशा अर्थाचें नांव दिलें. मूळचे लोक त्यास 'आहिनाहिना', म्हणजे करड्या रंगाचें, असें म्हणतात. जमिनीलगत अरुंद, टोंकदार अशा असंख्य पानांचा गोल झुबका, हें त्याचें नित्याचें रूप. पानांवर दाट रुपेरी लव असते. ती उन्हाचा मारा परतवून लावते. पानांच्या आंत डिंकासारखा पदार्थ असून तो पाणी धरून ठेवतो. पानें आंतल्या बाजूस वळल्यामुळें झुबक्यास वाटीचा आकार येतो, आणि त्या वाटींत एकवटलेलें ऊन मधल्या कोंवळ्या शेंड्यास ऊब देतें. ऊन, थंडी व तहान या तिन्ही शत्रूंविरुद्ध इतका चोख बंदोबस्त क्वचितच पाहावयास मिळतो.

असें तें वर्षानुवर्षें, कधीं कधीं पन्नास वर्षांहूनही अधिक काळ, नुसतें बसून असतें. मग एखाद्या उन्हाळ्यांत मधून दांडा निघतो, पाहतां पाहतां माणसाएवढा उंच होतो, आणि त्यावर जांभळट-तांबूस फुलें लागतात. एकेका दांड्यावर सहाशेंपर्यंत फुलें मोजलीं गेलीं आहेत, आणि त्यांतील प्रत्येक फूल म्हणजे पुनः वर सांगितलेला मेळाच! जन्मभर सांठविलेलें सारें या एका बहरांत खर्ची पडतें. बीं पिकतें आणि झुडूप मरून जातें. आपल्या सह्याद्रीवरील कारवीही आयुष्यांत एकदांच फुलते. पण ती डोंगरचे डोंगर मिळून एकाच वर्षीं फुलते. ह्या झुडुपांस असें नेमलेलें वर्ष नसतें. त्यांतून, स्वतःच्या परागानें त्यांस बीं धरत नाहीं. शेजारीं, त्याच वर्षीं, दुसरें कोणी फुललें पाहिजे आणि मधमाश्यांनीं पराग इकडून तिकडे नेला पाहिजे. सोबत नसेल तर आयुष्याची पुंजी उधळूनही झुडूप निर्वंश जातें.

हें ध्यानांत ठेवून पुढील इतिहास वाचावा. या बेटांवर मूळचें चरणारें जनावर एकही नव्हतें. म्हणून या वनस्पतीस कांटाही नाहीं. १७७८ त कॅप्टन कुक यानें बकऱ्या आणल्या, १७९३ त व्हँकूव्हर यानें गुरें आणलीं, आणि कांहीं पिढ्यांत त्यांचे कळप शिखरापर्यंत पोंचले. त्यांच्या मागून हौशी प्रवासी आले. आपण शिखर गांठलें याची खूण म्हणून एकेक झुडूप उपटून नेण्याची त्यांत चाल पडली. कित्येकांनीं तर केवळ गंमत म्हणून तीं उतारावरून गडगडत सोडिलीं. प्रत्येकानें एकच नेलें असेल. पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत, जेथें उतार रुपेरी दिसत असत तेथें अवघीं कांहीं हजार झुडुपें उरलीं. बकरी भुकेनें खात होती. माणसानें मात्र आवड म्हणून नाश केला, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे.

१९१६ सालीं हा प्रदेश राष्ट्रीय उद्यानांत घेण्यांत आला. उपटण्यास बंदी झाली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत कुंपण पुरें करून बकऱ्या बाहेर घालविल्या. झुडुपांची संख्या वाढत १९९० च्या सुमारास साठ हजारांवर गेली. पण सुख फार काळ टिकलें नाहीं. त्यानंतर पर्वतावरील हवा अधिक कोरडी होत गेली आणि संख्या पुनः निम्म्याहून खालीं आली. कुंपणानें बकरी अडते. कोरडा वारा अडत नाहीं. त्यांतच परदेशांतून आलेल्या मुंग्या परागवाहक मधमाश्यांच्या मुळावर उठल्या आहेत. या झुडुपाचीं मुळें उथळ व दूरवर पसरलेलीं असतात. जवळ जाऊन टाकलेलें पाऊलही त्यांस इजा करतें. म्हणून प्रवाशांस वाट सोडूं नका, असें तेथें बजावून सांगतात.

आपल्याकडे देवासाठीं घेतलेलें फूल चोरीचें होत नाहीं, अशी एक सोयीची समजूत आहे, आणि 'एकानें काय होणार?' हा प्रश्न तर सर्वांच्या तोंडीं. अंगणांतील जाई दुसऱ्या दिवशीं पुनः फुलते, म्हणून तेथें तो प्रश्न खपून जातो. परंतु जें जन्मांत एकदांच आणि तेंही सोबत असेल तरच फळतें, तेथें एकास हात लावणें म्हणजे दुसऱ्याचाही वंश तोडणें होय. साताऱ्याजवळचें कास पठार २०१२ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. तेथें पावसाळ्याच्या अखेरीस पिवळी होऊन जाणारी सोनकी ही शेवंतीच्याच कुळांतली. तिच्यांत बसून छायाचित्र काढून घेणारी मंडळी फुलांवर प्रेम करीत नाहींत, असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें प्रेम त्यांच्या पायांखालीं असतें. मुलांना तेथें अवश्य न्यावें आणि वाटेवर उभें राहून पाहावयास शिकवावें. मूल विचारील, 'जवळ कां जायचें नाहीं?' तेव्हां त्यास या रुपेरी झुडुपाची गोष्ट सांगावी.