बेचाळिसाव्या वर्षाची आग

माणसाच्या आयुष्यातली काही वर्षं जड जातात, ही समजूत जपानातही आहे. पुरुषांना 25वं, 42वं आणि 61वं. बायकांना 19वं, 33वं आणि 37वं. ह्या वयांना तिथे ‘याकुदोशी’ म्हणतात. वय मोजायचं ते जुन्या रीतीने, जन्मतःच एक वर्ष धरून. त्यातही पुरुषाचं 42वं सर्वांत वाईट. शहरातल्या माणसाला हे वर्ष लागलं, की तो देवळात जातो, पुरोहिताकडून शांत करून घेतो, ताईत घेऊन घरी येतो. नागानो प्रांतातल्या नोझावा ओन्सेन गावात मात्र अशा पुरुषांना एका उंच लाकडी मनोऱ्यावर बसवतात आणि तो मनोरा पेटवायला सगळं गाव टेंभे घेऊन येतं.

दर वर्षी 15 जानेवारीच्या रात्री होणारा हा दोसोजिन उत्सव पाहायला मी गेले होते. दोसोजिन हे वाटेवरचे, वेशीवरचे देव. रोगराई गावाबाहेर ठेवणारे, लेकराबाळांना जपणारे. नोझावात ते जोडीने असतात, एक पुरुष आणि एक स्त्री, लाकडात कोरलेले, घरोघरी देव्हाऱ्यात ठेवलेले. 1993 साली जपान सरकारने ह्या उत्सवाला राष्ट्रीय महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक वारशात स्थान दिलं.

आग एका रात्रीची. तिची तयारी शरद ऋतूत सुरू होते. डोंगरावरची बुना, म्हणजे बीचची, मोठी झाडं तोडली जातात. 13 जानेवारीला त्यांतले दोन बुंधे दोरांनी ओढत, बर्फावरून घसरत, गावाच्या अरुंद रस्त्यांतून खाली आणतात. मग मनोरा उभा राहतो. त्याचं नाव शादेन. उंची 18 मीटरच्या आसपास, आणि सगळी बांधणी दोरखंडांची. खिळा एकही नाही. हे काम गावातले 40 ते 42 वयाचे पुरुष करतात. त्यांच्या मंडळाला ‘सान्याको’ म्हणतात आणि तीन वर्षं उत्सवाची जबाबदारी त्यांच्यावर असते. पंचविशीतली मुलं त्यांच्या हाताखाली राबतात. दुपारी मी शादेनच्या पायथ्याशी गेले, तेव्हा दोराच्या गाठी नव्याकोऱ्या होत्या आणि सालीला ओल्या रानाचा वास येत होता. एवढं निगुतीने बांधलेलं सगळं रात्री जळून जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरीही एक जण पुन्हा पुन्हा एकच गाठ आवळून पाहत होता.

रात्री गावातल्या एका जुन्या घरी चकमकीने पाडलेला विस्तव मैदानात आला आणि टेंभे पेटले. 42 वर्षांचे पुरुष वर बसून गाणी म्हणत होते. खाली, बुंध्याभोवती, 25 वर्षांची मुलं पहाऱ्याला उभी होती. त्यांच्याकडे ढाल नाही, पाणी नाही. फार तर पाइनची डहाळी आणि आपलं अंग. आधी लहान मुलं आली. बापाने मागून धरलेलं, हातात छोटीशी मशाल घेतलेलं पोर शादेनला आग लावायला जातं आणि समोरचा पहारेकरी वाकून ती ज्वाळा डहाळीने विझवतो. मग मोठ्यांची पाळी. हे टेंभे जड असतात आणि ते खरोखर अंगावर येतात. माझ्यापासून थोड्याच अंतरावर एक मुलगा उभा होता. गालावर काजळी, डोळ्यांतून पाणी, डहाळीची पानं जळून नुसती काडी उरलेली. टेंभा आला की तो काडी टाकून हातांनीच निखारे झटकायचा. ठिणग्या त्याच्या खांद्यांवरून वर जायच्या आणि वरच्या गाण्याचा आवाज चढायचा. आम्हा पाहुण्यांमध्ये गावकरी मोठ्या बाटल्या घेऊन फिरत होते आणि ओळख ना पाळख, प्रत्येकाला साके ओतत होते.

मला माझ्या वडिलांच्या साडेसातीची वर्षं आठवली. दर शनिवारी मारुतीला तेल, रुईच्या पानांची माळ, आणि घरात त्याविषयी चकार शब्द नाही. नोकरीत काय चाललंय, रात्री झोप का लागत नाही, हे आम्ही विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. त्या तेलाच्या वाटीने त्यांना धीर दिला असेल. पण ती सात-साडेसात वर्षं त्यांनी एकट्याने काढली, ह्याची खंत मला आजही आहे. नोझावातल्या माणसाचं वाईट वर्ष सगळ्या गावाला माहीत असतं. त्याच्याबरोबर त्याच वयाचे, त्याच भीतीत असलेले मित्र असतात. आणि त्या वर्षी गाव त्याला आपलं सर्वांत मोठं काम सोपवतं.

ह्या रचनेत आणखी एक शहाणपण आहे. आज खाली निखारे झटकणारा मुलगा 17 वर्षांनी वर बसायचा आहे. आज टेंभा घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येक जण कधीतरी अशाच बुंध्याशी उभे होते. किती जोर लावायचा आणि कुठे थांबायचं, हे त्यांना म्हणूनच कळतं. मैदानात उंच सजवलेले कंदीलखांबही उभे असतात. आदल्या वर्षी पहिला मुलगा झालेल्या घरांनी ते वाहिलेले असतात. नातेवाइकांनी मुलासाठी लिहिलेले सुलेखनाचे कागद त्यांवर फडफडत असतात. शेवटी तेही आगीत जातात. म्हणजे त्या मैदानात एका पुरुषाचं अख्खं आयुष्य एकाच वेळी हजर असतं: तान्हं बाळ, पंचविशी, बेचाळिशी आणि म्हातारपण.

बायकांनाही जड वर्षं असतात. पहाऱ्याचा आणि मनोऱ्यावरचा मान मात्र पुरुषांचाच आहे. हे मला खुपलं, आणि उत्सवावर जीव जडला असल्यामुळेच अधिक खुपलं. जे औषध इतकं गुणकारी आहे, ते अर्ध्या गावापुरतंच का असावं?

सुमारे दीड तासाने लढाई थांबवण्याचा विधी झाला, वरचे पुरुष उतरले आणि शादेन पेटवून दिला. दुसऱ्या दिवशी मी गावातल्या एका सार्वजनिक स्नानगृहात गेले. उष्णोदकाची अशी 13 स्नानगृहं नोझावात आहेत. परक्यालाही तिथे मोफत अंघोळ करता येते. दारात दानपेटी असते, इच्छा असेल त्याने नाणं टाकावं. झाडलोट आणि देखभाल वस्तीतली कुटुंबं पाळीपाळीने करतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आगीच्या रात्री दिसलेला भरवसा ह्या रोजच्या पाळ्यांतून तयार होतो. जो शेजारी वर्षभर आपल्यासाठी हौद घासतो, त्याच्याच टेंभ्यासमोर माणूस उभा राहू शकतो.

कुणाचं वर्ष वाईट चाललंय असं कळलं, की आपण त्याला जपतो. कामं काढून घेतो, आमंत्रणं टाळतो, ‘तू आता काही बघू नकोस’ म्हणतो. त्यामागे माया असते. पण घाबरलेल्या माणसाला आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, हे कळण्याची गरज विश्रांतीपेक्षा मोठी असू शकते. यापुढे माझ्या माणसांपैकी कुणाचं असं वर्ष आलं, तर मी त्याला काहीतरी मोठं, सगळ्यांच्या उपयोगाचं काम करायला सांगणार आहे, आणि ते पुरं होईपर्यंत त्याच्या शेजारी राबणार आहे.