एकशे चोवीस सेकंद

१. दिनांक २२ जून १९३८. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे ७०,००० प्रेक्षक जमले होते. हेवीवेट विश्वविजेता, अमेरिकेचा जो लुईस आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग समोरासमोर आले. २ मिनिटे ४ सेकंदांत सारे संपले. तेवढ्या अवधीत श्मेलिंग तीनदा कोसळला.

२. पदवीच्या वर्षात या लढतीची चित्रफीत प्रथम पाहिली, तेव्हा मी वहीत लिहिले होते : ‘लोकशाहीने नाझीवादाला दोन मिनिटांत लोळवले.’ त्या वाक्याचा मला अभिमान होता. आज ते खोडावेसे वाटते.

३. श्मेलिंग कच्चा गडी नव्हता. १९३० ते १९३२ या काळात तो स्वतः विश्वविजेता होता. १९३६ मध्ये, तोवर व्यावसायिक मुष्टियुद्धात अपराजित असलेल्या लुईसला त्यानेच बाराव्या फेरीत गारद केले होते. डावा ठोसा मारल्यावर लुईसचा हात खाली येतो, हे त्याने हेरले होते; त्याच फटीतून त्याचा उजवा ठोसा घुसला. दोन वर्षांनी लुईसने त्या उजव्या हाताला जवळजवळ अवसरच दिला नाही. विजयाचे मोल पराभूताच्या तोलावरून ठरते. श्मेलिंगला निव्वळ प्रतीक केले, की लुईसचे कर्तृत्वही उणावते.

४. शिवाय ते प्रतीक तरी कितपत खरे? हिटलरच्या राजवटीने श्मेलिंगला मिरवले. परंतु तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता आणि त्याचा व्यवस्थापक जो जेकब्ज ज्यू होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा श्मेलिंगने दोन ज्यू मुलांना बर्लिनमधील आपल्या हॉटेलच्या खोलीत आसरा दिला.

५. आणि माझी ‘लोकशाही’? लुईसच्या जन्मभूमीत, अलाबामात, बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतदान करता येत नव्हते. महायुद्धात तो सैन्यात दाखल झाला, तेव्हा तेथेही काळ्यांच्या तुकड्या वेगळ्याच होत्या.

६. मित्रहो, त्या रात्री हार्लेमच्या रस्त्यांवर उसळलेला आनंद खराच होता. तो मला खोडायचा नाही. पुढे हे दोघे मित्र झाले. १९८१ मध्ये लुईस निवर्तला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला.

७. वहीत आता नवे वाक्य आहे : ‘जो लुईसने मॅक्स श्मेलिंगला हरवले.’ ते पूर्वीइतके दिमाखदार नाही. पण त्यात दोन माणसे आहेत.