मागून येणारा आवाज

ऑफिसमध्ये एका शुक्रवारी खेळ चालला होता. प्रत्येकाने आपला आवडता बँड आणि त्याची चार आवडती गाणी सांगायची. माझी पाळी आली तेव्हा मी होस्टेलवर ऐकलेल्या एका इंग्रजी बँडचं नाव सांगून मोकळा झालो. खरं उत्तर दिलं असतं तर फार समजावून सांगावं लागलं असतं. ज्या बँडची गाणी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधल्या खोकल्यासकट पाठ आहेत, त्याला नावच नाही. औंढा नागनाथला आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात तो दर शनिवारी आणि एकादशीला बसतो. गावात त्याला नुसतं ‘भजन’ म्हणतात. ‘आज भजन हाय का?’ एवढंच विचारायचं.

पेटीवाले काका दिवसभर किराणा दुकानात बसायचे. पखवाजवाले मामा एसटीत कंडक्टर होते. गाणारे बुवा शेती करायचे आणि हंगामात मळलेल्या कपड्यांनीच येऊन बसायचे. बाकी सात-आठ टाळकरी. या बँडमध्ये लहानपणी मलाही एक काम होतं. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय खर्जातला आवाज घुमत नाही. ती कणीक आमच्या घरून जायची. आजी ताटलीत पीठ मळायची, गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात द्यायची आणि मागून स्वतः यायची. मी गोळा घेऊन पुढे मामांपाशी जायचो. आजी मागच्या भिंतीला टेकून बायकांमध्ये बसायची.

त्या शुक्रवारी न सांगितलेली चार गाणी इथे सांगतो.

पहिलं ‘सुंदर ते ध्यान’. तुकोबांचा हा रूपाचा अभंग. भजनाची बैठक नामाचा गजर करून रूपाच्या अभंगाने सुरू होते. आधी देव डोळ्यांसमोर उभा करायचा, मग त्याच्याशी काय ते बोलायचं. बारावीनंतर मी पहिल्यांदा लता मंगेशकरांनी गायलेलं, श्रीनिवास खळ्यांच्या चालीतलं ‘सुंदर ते ध्यान’ ऐकलं आणि मला वाटलं, बाई चुकल्या. आमच्या बुवांची चाल वेगळी होती, संथ, बैलगाडी चढाला लागल्यासारखी. खळ्यांची चाल किती मोठी आहे हे कळायला पुढे दोन-तीन वर्षं गेली. पण आजही तो अभंग मनात सुरू होतो तो बुवांच्याच गतीने.

दुसरं ‘तीर्थ विठ्ठल’. शब्द नामदेवांचे, चाल राम फाटकांची, आवाज भीमसेन जोशींचा. काकांकडे त्याची कॅसेट होती आणि ती घासून घासून त्यांनी चाल बसवली होती. भीमसेनांच्या ताना बुवांना झेपायच्या नाहीत. तिथे ते सरळ विठ्ठलनामाचा गजर सुरू करायचे आणि मामा लय दुप्पट करायचे. त्या क्षणी देवळातला पंखासुद्धा जोरात फिरतोय असं वाटायचं.

नामदेव आमच्याकडे शेजारच्या घरातल्या माणसासारखे आहेत. त्यांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं नरसी आमच्याच जिल्ह्यात, हिंगोली तालुक्यात. त्यांची ६१ पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमानला त्यांचं स्मारक आहे आणि २०१५ मध्ये तिथे मराठी साहित्य संमेलनही झालं. औंढ्याच्या पोरांना मात्र यातलं काही कळायच्या आधी एक गोष्ट कळते. नामदेव नागनाथापुढे कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं, इथे नको, मागे जा म्हणाले. ते मागे जाऊन गायला लागले, तेव्हा देऊळच फिरलं आणि देवाने तोंड त्यांच्याकडे केलं. खूण म्हणून नंदी दाखवतात. सगळीकडे तो देवापुढे असतो, आमच्याकडे देवळाच्या मागच्या बाजूला आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला तिथे नेऊन ही गोष्ट सांगायची, हे आम्हा पोरांचं कामच होतं. मी ती शंभर वेळा सांगितली असेन.

तिसरी एक गवळण, पैठणच्या एकनाथांची. रात्री अकराच्या सुमारास टाळकरी पेंगायला लागले की बुवा ती काढायचे. कृष्णाची तक्रार घेऊन आलेल्या गौळणी आणि यशोदा, दोन्हीकडचं एकटे बुवाच गायचे, आवाज बदलून. एरवी कुणाशी फारसं न बोलणारा तो माणूस गवळणीत डोळे मिचकावायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

चौथा अभंग जनाबाईचा, विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर दळायला बसतो त्या भावातला. जनाबाई गंगाखेडची. मी जन्मलो तेव्हा औंढा परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे नामदेव आणि त्यांच्या घरची ही दासी, दोघं एकाच जिल्ह्यातले, असं आम्ही लहानपणी अभिमानाने म्हणायचो. हा अभंग अगदी शेवटी, आरतीच्या आधी व्हायचा. तोवर बुवांचा गळा बसलेला असायचा. तरी तोच सगळ्यात सुरेल व्हायचा. असं का, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

२०२२ च्या कार्तिकी एकादशीला मी गावी होतो. मामांचा हात थरथरायला लागला होता, बुवा सत्तरीच्या पुढे गेले होते. हे सगळं एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवावं असं वाटलं. पेटीसमोर छोट्या स्टँडवर फोन ठेवला आणि तीन तासांचं भजन टिपलं.

पुण्याला आल्यावर लॅपटॉपवर ते साफ करायला बसलो. पद्धत सोपी असते. रेकॉर्डिंगमधला एक असा तुकडा निवडायचा ज्यात गाणं नाही, नुसता गोंगाट आहे. सॉफ्टवेअरला सांगायचं, हा नमुना, असं जे जे असेल ते दाबून टाक. मी सुरुवातीची पंधरा सेकंदं निवडली. त्यात पंख्याची टकटक होती, रातकिडे होते, मागे बायकांची कुजबुज होती आणि कुणीतरी हलक्या आवाजात सूर लावून बघत होतं. पट्टी जरा जास्तच सरकवली. निकाल छान आला. बुवांचा आवाज काचेसारखा स्वच्छ, पेटी स्वच्छ, पखवाज दमदार. चारही गाणी वेगळी करून ठेवली. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. नव्या पोरांना मी रोज बॅकअपचं महत्त्व सांगतो.

त्याच पौषात आजी गेली. तेराव्याच्या संध्याकाळी मंडळ आमच्या अंगणात बसलं. भजन झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने स्पीकर लावला आणि चौथं गाणं वाजवलं. सगळे मान डोलवत ऐकत होते. एका कडव्यानंतर मामांनी हात वर करून थांबवायला सांगितलं.

“यात माय कुठंय?”

मला कळेना. मंडळातले सगळे आजीला माय म्हणायचे.

“अरे, मायचा सूर कुठंय? बुवा इथं खाली उतरतेत बघ, ती मागून धरायची. त्याच्याबिगर हे कसं चाललंय?”

बुवा खाली बघत होते. मग म्हणाले, “वीस वर्षं झाली बापू. माझा गळा बसला की तिच्याच सुरावर गातो मी. तुला ठाऊक नव्हतं?”

नव्हतं. इतकी वर्षं कणकेचा गोळा घेऊन मी पुढे जायचो आणि मागे काय चाललंय याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आजीला कधी विचारलं तर ती म्हणायची, “मला काय येतंय बाळा, बसल्या बसल्या गुणगुणते.” ते मी खरं धरलं होतं. आणि ती सुरुवातीची पंधरा सेकंदं. हलक्या आवाजात सूर लावून बघणारी तीच होती. गोंगाटाचा नमुना म्हणून मी आजीलाच निवडलं होतं. उरलेलं काम सॉफ्टवेअरने चोख केलं.

त्या रात्री मी झोपलो नाही. फोन, लॅपटॉप, क्लाउड, सगळं उपसलं. मूळ फाइल कुठेच नव्हती. पहाटे आठवलं की साफ करण्याआधीच त्यातला एक तुकडा नांदेडच्या आतेबहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. सकाळी तिला फोन केला. तिने फोन चाळून तो शोधला आणि परत पाठवला. सात मिनिटं. नशिबाने चौथं गाणं. उरलेली तीन गेली ती गेली.

ते मी इअरफोन लावून ऐकलं. पंखा आहे, रातकिडे आहेत, कुणाचं तरी लेकरू रडतंय. चौथ्या मिनिटाला बुवांचा आवाज चिरकतो आणि उतरायला लागतो. तेवढ्यात अगदी लांबून एक बारीक, सरळ सूर येतो. बुवा त्याला धरतात आणि वर येतात. पेटीसुद्धा क्षणभर थांबून मग त्याच सुरावर येते. लांबून पाहिलं तर बुवा गातायत. कान देऊन ऐकलं तर दोघं गातायत.

आमच्या तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याचा थरकाप त्यात टिपता येईल. त्या कामात सगळ्यात अवघड असतं ते गोंगाट ओळखणं. ट्रकची धडधड, जमिनीचं हलणं, वारा हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते इतकं बारीक असतं की चुकून तेच फेकलं जाऊ शकतं. म्हणून तिथे म्हणे हजारो लोक वर्षानुवर्षं आधी गोंगाटाचाच अभ्यास करतात. मी पंधरा सेकंदांत ठरवून टाकलं होतं.

नंदीची गोष्ट पाहुण्यांना सांगताना मला नेहमी वाटायचं, त्या वेळी आपण असतो तर आपल्याला लगेच कळलं असतं, खरं गाणं मागे चाललंय ते. आता तेवढी खात्री नाही.

गेल्या वर्षी आषाढीला गावी गेलो तेव्हा भजन होतं. मामा आता बसत नाहीत, त्यांचा नातू पखवाज वाजवतो. सुरू व्हायच्या आधी बुवांनी मागे वळून आईला म्हटलं, “वहिनी, पुढं या की.” आई लाजली. म्हणाली, “इथंच बरंय. तुम्ही सुरू करा.” मग बुवांनीच आपली बसकर उचलली आणि पेटी-पखवाजासकट सगळे जरा तिरके होऊन बसले. आता निम्मं मंडळ मारुतीकडे आणि निम्मं बायकांकडे तोंड करून बसतं. दिसायला विचित्र दिसतं.

फोन मी मागे ठेवला, आईच्या गुडघ्यापाशी. त्या रेकॉर्डिंगमध्ये बुवा लांबून ऐकू येतात, पखवाज आणखी लांबून. जवळ आईच्या बांगड्या वाजतात, शेजारची काकू मध्येच दुधाचा भाव विचारते. शेवटच्या अभंगाला आई हळूच सूर लावून बघते, चुकते, परत लावते. ते मी साफ केलेलं नाही. आतेबहिणीला तसंच पाठवलंय.