मानाची जागा

परक्या घरी पहिल्यांदा पाऊल टाकले की त्या घराने आपली मानाची जागा कोणाला देऊन ठेवली आहे, हे माझी दृष्टी आपोआप शोधू लागते. उजेड जिथे सर्वांत चांगला येतो, वारा जिथे खेळतो, दारातून आत येणाऱ्याची नजर जिथे प्रथम जाऊन ठरते, अशी एक जागा लहानमोठ्या प्रत्येक घरात असतेच. आणि रंग, पडदे, गालिचे यांच्याविषयी यजमान कितीही उत्साहाने बोलला, तरी त्याच्या मनातील खरा अग्रक्रम त्या एका जागेच्या वाटपात नोंदवलेला असतो. घराने आपल्या व्यक्तिमत्त्वाचे दर्शन घडवावे, हा विचार हल्ली फार प्रचारात आला आहे, आणि तो मला मान्यही आहे. पण त्याचा अर्थ बहुधा वस्तूंच्या खरेदीपाशी येऊन थांबतो. वस्तू पैशाने येतात, आणि पैसा असेल तर हव्या तितक्या येतात. जागेचे तसे नाही. ती मोजकी असते, एकाला दिली की दुसऱ्याला नाकारावी लागते, आणि माणूस काय नाकारतो यावरून त्याचा स्वभाव जितका कळतो, तितका त्याने काय विकत आणले यावरून कळत नाही.

पेशवाईतील वाड्यांचे दिवाणखाने मी आवडीने पाहिले आहेत. सुरूचे खांब, त्यांवरील महिरपी, हंड्या-झुंबरे, लोडतक्क्यांची बिछायत, आणि वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात दिसतात तशी भिंतींवरील चित्रे, या साऱ्यांत कारागिरीचे वैभव ओसंडून जाते. परंतु दिवाणखान्याची मांडणी रिवाजाने मुक्रर केलेली असे. तेथे कोण कोठे बसावे, कोणी उभे राहावे, हेही हुद्द्यावरून ठरे. अशा दालनात हुद्दा दिसतो, दरबार दिसतो. तेथे बसणारा माणूस मात्र क्वचितच सापडतो.

तो माणूस मला एका अनपेक्षित ठिकाणी सापडला. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत रंगीत चित्रांचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी, ज्या घरांत चित्र विकत घेण्याची कल्पनाही कधी शिरली नव्हती, त्या घरांच्या भिंतींवर जाऊन बसल्या. हजारो घरांत तीच लक्ष्मी, तेच कमळ, तोच हत्ती. येथे वैशिष्ट्याला वाव कोठला, असे कोणालाही वाटावे. पण त्या काळच्या काही तसबिरी जवळ जाऊन न्याहाळल्या, तर देवीच्या छापील लुगड्यावर खऱ्या कापडाचा तुकडा अंगाबरोबर बेतून बसवलेला दिसतो, काठांना जर लावलेली असते, गळ्यात बारीक मणी ओवलेले असतात, मुकुटावर टिकल्या चमकत असतात. काचेच्या चौकटीत जाण्यापूर्वी त्या कागदावर कोणाची तरी सुई रात्री रात्री चालली होती. बाजारातून आलेल्या लक्ष्मीला आपल्या घरची करून घेतल्यावाचून त्या हाताला चैन पडले नव्हते.

वस्तूंवाचूनही मानाची जागा देता येते, हे दाखवणारी दोन घरे मला आठवतात. पहिले पुण्यात गंज पेठेतील महात्मा जोतीराव फुले यांचे. तेथे गेलेल्या माणसाने घटकाभर पाण्यापाशी थांबावे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. आणि घरातील पाणी म्हणजे तत्कालीन आचारधर्माचा सर्वांत कडक पहाऱ्यातला ठेवा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका कृतीने या घराचा चेहरा कसा कायमचा पालटला असेल ते उमगते. त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव व त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. मराठी घरात बाळंतिणीची खोली असे, आणि ती आपल्या लेकीसुनांसाठी राखलेली असे. या दांपत्याने ती जिव्हाळ्याची जागा, ज्यांच्या तोंडावर सगळ्या समाजाने दारे लावून घेतली होती, अशा परक्यांच्या लेकींना देऊ केली. या जोडप्याच्या बैठकीत काय मांडलेले होते, याची मला यत्किंचितही जिज्ञासा राहत नाही.

दुसरे घर दादरच्या हिंदू कॉलनीतील. परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वर्षानुवर्षे संसार केला, अभ्यास केला, आणि त्याच दोन खोल्यांत मागण्या, गाऱ्हाणी, सल्लामसलत घेऊन येणाऱ्या माणसांनाही सामावून घेतले. पुढे १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी स्वतःचे घर बांधले, तेव्हा ग्रंथांना किती जागा लागेल याचा हिशेब आधी झाला आणि माणसांच्या सोयी त्याच्या अनुषंगाने ठरल्या. मगधाच्या प्राचीन राजधानीचे ‘राजगृह’ हे नाव त्यांनी त्या वास्तूला दिले. ज्या समाजाला अक्षरापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्या समाजातील एका पुरुषाने स्वतःच्या कष्टाच्या मिळकतीतून उभारलेल्या घराची मानाची जागा ग्रंथांना द्यावी, याहून अधिक प्रांजळ आत्मकथन विटामातीतून घडणे कठीण आहे. त्यांच्या पत्नी रमाबाईंना मात्र त्या घराचा सहवास फार काळ लाभला नाही. १९३५ च्या मे महिन्यात तेथेच त्यांचे निधन झाले.

या दोन घरांच्या जोडीला मी वर्ध्याजवळची बापूकुटी ठेवतो. १९३६ साली गांधीजी सेगावात, म्हणजे पुढे सेवाग्राम या नावाने ओळखल्या गेलेल्या खेड्यात, राहावयास आले, तेव्हा आपल्या निवासावर शंभर रुपयांहून अधिक खर्च होऊ नये आणि तो गावच्या हातांनी, भोवताली मिळणाऱ्या सामग्रीतून उभा राहावा, अशी त्यांची अट होती. या वसतीत मानाची जागा रिकामेपणाला दिली आहे. तरीही तेथील मातीच्या भिंतीवर उठावाने काढलेली झाडे आहेत, चरखा आहे, आणि ते काम गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांचे आहे; पुढे बापूकुटी म्हणून प्रसिद्धीस आलेली कुटी मुळात त्यांचीच. अपरिग्रहाच्या त्या कडक वातावरणात ओल्या मातीवर झाड रेखणारी ती बोटे मला फार मोलाची वाटतात. घर एकाच्या नावाने जगाला ठाऊक होते, पण त्यात स्वभाव उतरतो तो दुसऱ्याही कोणाचा, हे त्या भिंतीने मला प्रथम दाखवले.

आपल्या घरांत तर हे सर्रास घडते. दारावरील पाटीवर पुरुषाचे नाव, भाडेपावतीवर पुरुषाचे नाव, सातबाऱ्यावर तर निश्चितच पुरुषाचे. घर लावण्याचा कारभार मात्र बाईचा. तिचे दफ्तर पाहायचे असेल तर स्वयंपाकघरातील मांडणीकडे वळावे. तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची आपल्याकडे रीत आहे. काठाखाली बारीक ठिपक्यांच्या ओळीत मामाचे नाव, लग्नाची तिथी, कोणा मावशीकडून ‘सप्रेम भेट’, कधी एखाद्या तांब्यावर तिचे स्वतःचे माहेरचे नाव, जे लग्नानंतर इतरत्र कोठेही लिहिले गेलेले नसते. पितळी डब्यांची ती चढती-उतरती रांग चिंचेने घासून, पुसून, पुन्हा त्याच क्रमाने लावताना आपल्या आयुष्याची रोजकीर्दच ती हाताखालून घालत असते. आणि तिचे रुखवत! सुपारीच्या बाहुल्या, मण्यांची तोरणे, ताटांवरचे विणलेले रुमाल, दोऱ्याच्या टाक्यांनी कापडावर उमटवलेले मोर, हे सारे विवाहमंडपात एक दिवस मांडले जाते, पाहुणेमंडळी त्याची वाखाणणी करतात. मग त्याचे पुढे काय होते, याचा मी पुष्कळ घरांत शोध घेतला आहे. काही घरांत ते बैठकीतील काचेच्या कपाटात विराजमान झालेले असते. कित्येक घरांत ते माळ्यावरील ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसह पडून राहते, आणि ज्या मुलीने ते घडवले तिला आपल्या हाताचा पुरावा पाहण्यासाठी शिडी लावावी लागते. हा अन्याय लहान आहे असे मला कधीच वाटले नाही.

माझ्या आईने आपला वाटा मागून घेतला होता. आमच्या घरी रस्त्याच्या बाजूस उघडणारी खिडकी एकच, आणि तिच्यापाशी वडिलांची आरामखुर्ची रीतीप्रमाणे मांडलेली. एका चातुर्मासात तिने ती खुर्ची आत सरकवून तेथे आपले शिवणयंत्र ठेवले. शिवणाला उजेड लागतो आणि वर्तमानपत्र दिव्याखालीही वाचता येते, एवढेच तिचे म्हणणे. वडिलांनी क्षणभर विचार केला आणि तिच्या सोबतीने यंत्राचा दुसरा पाय उचलला. त्या दिवसापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी तिला भेटे. मान वर न करता ती “या, बसा” म्हणे, टाका पुरा करी आणि मग उठे.

अशा स्त्रियांच्या हातांतील वस्तूंना पुण्यात एका माणसाने आपले सबंध घर देऊन टाकले. दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने दिवे जमवले, अडकित्ते जमवले, कुंकवाचे करंडे, फण्या, वज्री, किसण्या जमवल्या. तलवारी आणि राजपत्रे शोधणाऱ्या त्या काळात त्यांनी माजघरातील व स्वयंपाकघरातील चीजवस्तूंसाठी गावोगावची धूळ पायांखाली घातली. बालवयात अंतरलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले. संग्रह वाढत जाऊन वीस हजार वस्तूंच्या आसपास पोहोचला आणि अखेर शासनाच्या, म्हणजे सर्व जनतेच्या, स्वाधीन झाला. मूल गेलेल्या घरात रिकामी झालेली जागा कोणत्याही आई-बापांना भरून काढता येत नाही. या दोघांनी ती अनामिक संसारांच्या खुणांना राहावयास दिली. त्या दालनांतून हिंडताना एखाद्या वज्रीवरचा इवलासा पक्षी पाहिला, की टाच घासण्याच्या साधनालाही शोभा आणावी असे वाटणारी ती कोण असेल, या विचाराने माझे मन भरून येते.

आज मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या चाळींतील खोली एकशे साठ चौरस फुटांची. तेवढ्या जागेत पिढ्या नांदल्या. मुलांचे अभ्यास गॅलरीत झाले, पाहुण्यांची अंथरुणे जिन्यापाशी पडली, आणि मानाच्या एकुलत्या एका जागेत कोठे विठ्ठल, कोठे बुद्ध आणि बाबासाहेब, कोठे गिरणीतून निवृत्त होताना मिळालेले घड्याळ, असे ज्याचे त्याचे श्रद्धास्थान स्थिरावले. आता त्या कुटुंबांना पाचशे चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. म्हणजे मानाची दुसरी जागा, कदाचित तिसरीही, त्यांच्या हाती प्रथमच येत आहे. किल्ली मिळाल्याच्या पहिल्याच संध्याकाळी टीव्ही कोणत्या भिंतीवर लावायचा याची चर्चा होईल, ती व्हावीही. पण त्याच संध्याकाळी, नळावरच्या रांगांत आणि स्टोव्हच्या धगीत जिची उमर गेली त्या बाईला कोणीतरी विचारावे, की तुझी ट्रंक कोठे उघडायची, आणि ती बोट दाखवील तेथे खिळा ठोकून द्यावा.