वाढलेल्या पाण्याची जागा

न्यू जर्सीत घर घेतलेला मराठी माणूस तळघरात उतरला की एका वस्तूपाशी थबकतो. पाणी तापवणाऱ्या टाकीच्या नळीला एक छोटा पोलादी डबा जोडलेला असतो आणि त्याला चक्क मोटारीच्या चाकाचा व्हॉल्व्ह! 1893 साली पेटंट मिळालेला श्रेडर व्हॉल्व्ह, तोच. पाण्याच्या वाटेवर हवा भरायची सोय कशाला?

पाणी तापले की फुगते. 10 अंशांवरून 60 अंशांवर नेले, तर 150 लिटरचे साधारण अडीच लिटर वाढते. त्याला जागा द्यावीच लागते.

आपल्याकडच्या जुन्या, नरसाळ्याच्या बंबाला ही चिंता नव्हती. मधोमध उभे धुराडे, खाली जाळीवर कोळसे, लाकडाच्या ढलप्या, नाहीतर करवंट्या, आणि भोवती तांब्याच्या पोटात पाणी. वरून तांब्याभर गार पाणी ओतले की ते नळीने थेट तळाला जाई आणि तेवढेच कढत पाणी वरच्या तोटीतून बादलीत पडे. ओतल्याशिवाय मिळणार नाही, हा नियम घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे लागलेली मुले कुडकुडत रांगेत, आणि धुराने डोळे चोळत कुणीतरी फुंकणी घेऊन बसलेले. तोटीला चावीच नसल्यामुळे फुगलेले पाणी आपोआप ठिबकून जाई, दाब साचतच नसे. पुण्याच्या तांबट आळीत ठोके देऊन घडवलेल्या भांड्यांमध्ये बंबाइतके शहाणे भांडे दुसरे नसावे.

गच्चीवरच्या टाकीतून थेट पाणी घेणाऱ्या गीझरलाही वाट मोकळी असते. वाढलेले पाणी उलट वर सरकते. सोलरच्या टाकीवर तर उंच हवा-नळीच असते.

अमेरिकेत पाणी रस्त्याखालच्या नळातून दाबानेच घरात शिरते. आत येताना त्याला अनेकदा एकेरी झडप लागते, म्हणजे परतीची वाट बंद. मग तापलेले पाणी दाब चढवत नेते आणि 150 पीएसआयला सुरक्षा झडप उघडून गळू लागते. तो छोटा डबा यासाठीच असतो. आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसरीकडे हवा. पाणी वाढले की हवा आकसते.

मात्र हवेचा दाब घरातल्या पाण्याच्या दाबाइतका हवा. बागेच्या नळाला मीटर लावून पाण्याचा दाब पाहावा. 80 पीएसआयपेक्षा अधिक असेल, तर आधी दाब कमी करणारी झडप हवी. मग हीटर बंद, मुख्य चावी बंद, एक नळ उघडून नळ्यांतला दाब सोडायचा आणि टायरच्या मीटरने डब्यातली हवा मोजायची. कमी भरली तर हातपंप पुरतो. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आले, तर पडदा फाटला, डबा बदलायचा.

हल्ली पुण्या-मुंबईतही प्रेशर पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसू लागले आहेत. तिथे गीझरच्या सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकताना दिसले, तर तिला बूच मारू नका. आधी दाब मोजा.